कबड्डीच्या मॅटवर उतरताना गळ्यातली माळ कुठे ठेवायची?

द्राक्षवेल | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी दिंडोरी तालुक्यातली. नाशिकच्या एका कॉलेजात बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि यंदा मुलींच्या कबड्डी संघाची कॅप्टन. उजव्या कोपऱ्यावर खेळते. घरी आजी, आण्णा, आई, धाकटा भाऊ आणि दोन एकर द्राक्षबाग. घर माळकरी. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी आमच्या गावची दिंडी त्र्यंबकला पायी जाते. मी सहावीत असताना त्या दिंडीत आजीने मला माळ घालायला लावली. कुशावर्तावर थंडीने माझी बोटं आखडली होती. महाराजांनी माळ घातली आणि आजीने माझे दोन्ही हात पदरात घेऊन चोळले, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

आता अडचण सांगते. कबड्डीत अंगावर कुठलाच दागिना चालत नाही, नखंसुद्धा पंच तपासतात. माळ दागिना नाही हे मला कळतं, पण पकडीत ती दागिन्यासारखीच अडकते. पहिल्या वर्षी सरावात मी ती जर्सीच्या आत टाकून खेळले होते. चढाईला आलेल्या मुलीचं बोट तिच्यात गुंतलं, ती पडली, तिच्याबरोबर मीही ओढली गेले. माझ्या मानेवर आठ दिवस लाल वळ होता आणि तिचं बोट सुजलं. तेव्हापासून मी माळ काढून खेळते. किट बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात ठेवते आणि संध्याकाळी एसटीत बसले की पुन्हा गळ्यात घालते. आजीला यातलं काही माहीत नाही. अडीच वर्षं झाली.

ही एकच गोष्ट असती तर धागा काढला नसता. आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा यंदा नेमकी कार्तिकी एकादशीला आली आहे. त्याच आठवड्यात बागेत फेलफूट, म्हणजे वेलीवरची नको असलेली फूट, काढायची आहे आणि मजूर मिळत नाहीत. त्यानंतर लगेच सेमिस्टर. सर म्हणतात, ताकद कमी पडतेय, रोज चार अंडी खा. मी हो म्हणते आणि खात नाही. गेल्या एकादशीला सरावात चक्कर आली तेव्हा पोट दुखतंय म्हणून सांगितलं. आण्णांना मॅचच्या दिवशी प्रॅक्टिकल आहे असं सांगते, आणि प्रॅक्टिकल बुडलं की मॅडमना घरी काम होतं असं सांगते.

सध्या गावात काकडा चालू आहे. पहाटे साडेचारला आजीबरोबर देवळात, सहाची गाडी, सातला मैदान, दहाला लेक्चर, एकपासून प्रॅक्टिकल. त्या देवळात टाळ हातात घेऊन उभी असते तेव्हा मन इतकं शांत असतं की दिवसभर पुरतं. आणि तिथेच आजी शेजारी उभी असते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. संघातल्या मुलींना मी रोज सांगते की दुखत असेल तर लपवू नका, उशीर होणार असेल तर आधी कळवा. सांगताना माझंच तोंड मला बोचतं.

आजीला सांगू का? की शेवटचंच वर्ष आहे, निभावून नेऊ? ती ७४ वर्षांची आहे.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०.१५

पोरी, आधी एक सांग, चक्कर आली त्या दिवशी सकाळपासून पोटात काय गेलं होतं? मी मातीवरची कबड्डी खेळलेली बाई आहे, आमच्या वेळी मॅट नव्हतं. कोपरारक्षकाला चक्कर आली तर घोटा पकडायच्या नादात डोकं आपटतं. माळेचं बोलू, पण त्याआधी हे सरांना खरंखुरं कळलंच पाहिजे. उपवास आहे असं सांगितलं तर चांगला प्रशिक्षक त्या दिवशी सराव हलका करतो. पोटदुखी सांगितलीस तर तो तुला गोळी देईल आणि पळायला लावील.

द्राक्षवेल | सोमवार, रात्री १०.३०

काकू, फक्त चहा. दोन वेळा.

दशमीचा डबा | मंगळवार, सकाळी ७.०५

मी आहारतज्ज्ञ आहे आणि स्वतः दोन्ही एकादश्या करते, म्हणून हक्काने लिहिते.

खेळणाऱ्या शरीराला वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुझं वजन ५८ किलो धरलं तर दिवसाला ७० ते ११५ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे सरांची चार अंडी २४ ग्रॅम झाली. ५० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांत तेवढी सहज मिळतात. शेंगदाण्याची मूठभर कूट, दोन वेळा दूध, मोड आलेले मूग, हरभऱ्याची उसळ, रात्री डाळ घट्ट. अंडं न खाता हा हिशोब जुळतो, पण रोज मन लावून जुळवावा लागतो. ‘आमच्यात चालत नाही’ एवढंच सांगून थांबलीस तर सरांचं म्हणणं बरोबर ठरेल.

लोहाकडे बघ. तुझ्या वयाच्या खेळणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असणं फार दिसतं आणि दम लागणं, चक्कर येणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. हिमोग्लोबिन तपासून घे. बाजरीची भाकरी, मेथी, हळिवाचे लाडू, आणि जेवताना लिंबू पिळायचं, कारण आंबटामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही.

एकादशीच्या मॅचची तयारी दशमीच्या रात्रीच होते. त्या रात्री भात-वरण, भाकरी पोटभर. सकाळी खेळाच्या तीन तास आधी भगर आणि दाण्याची आमटी. आपलं नाशिक तर भगरीच्या गिरण्यांचं गाव, ती मिळाली नाही असं होणार नाही. साबुदाण्याची खिचडी त्या दिवशी टाळ, जड पडते. मग तासाभर आधी केळं किंवा उकडलेलं रताळं, आणि बाटलीत पाणी, लिंबू, साखर, सैंधव. नुसत्या चहावर उपवास करणं ही स्वतःशी केलेली हेळसांड आहे.

पंचवटीकर | मंगळवार, सकाळी ९.२०

माझं मत वेगळं पडेल. आजीला सांगू नकोस. ७४ वर्षांच्या बाईला तिच्या हाताने घातलेली माळ नात रोज काढते हे ऐकून काय वाटेल याचा विचार कर. माझ्या वडिलांपासून मी एक गोष्ट शेवटपर्यंत लपवली आणि ते शांतपणे गेले. मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुझा देव तुला ओळखतो. सहा महिन्यांनी कॉलेज संपेल, माळ कायम गळ्यात राहील.

टाळकरी | मंगळवार, दुपारी १.१०

वर पंचवटीकरांनी जिव्हाळ्याने लिहिलंय, तरी मला पटत नाही. मी ३१ वर्षं वारी करतोय. माळेचा दंडक आमच्या दिंडीत असा आहे की माळ तुटली, हरवली तर नवी गळ्यात पडेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. म्हणजे माळ गळ्यात नसण्याची वेळ माणसावर येते हे धरूनच हा नेम घातलेला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर माळ काढायला लावतात, तिथे आमच्यातले जुने जाणतेही काढून देतात. कोणी त्यांना भ्रष्ट म्हणत नाही.

ताई, तू माळ काढतेस यात मला वावगं दिसत नाही. दुसऱ्याच्या लेकीचं बोट मोडू नये म्हणून काढतेस. पण एक विचारतो. मॅच किती वेळ चालते आणि माळ किती वेळ बॅगेत असते?

द्राक्षवेल | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

काका, तुमचा प्रश्न वाचून बसमध्ये बसल्या जागी गप्प झाले.

मुलींचा सामना १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. सगळं धरून पाऊण तास. माळ बॅगेत असते सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत. सराव संपला की लेक्चर, मग डबा, मग प्रॅक्टिकल. पुन्हा घालायची राहून जाते. खरं सांगायचं तर राहून जात नाही, मैत्रिणींसमोर काढ-घाल करायला नको वाटतं. आणि मी तिच्याशिवाय जेवते. अडीच वर्षं.

जुने नाशिक ७ | मंगळवार, रात्री ८.३०

ताई, मी फुटबॉल खेळतो, सेकंड इयर. रमजानमध्ये रोजे ठेवून सराव करायचो आणि तुमच्यासारखंच सरांना सांगितलं नव्हतं. दुपारी तीनला पळवायचे, पाणी प्यायलो नाही की ओरडायचे, मी म्हणायचो तहान नाही. एकदा पिंडरीत असा गोळा आला की दोघांनी उचलून नेलं. मग अम्मी स्वतः मैदानावर आली आणि सरांना म्हणाली, माझा मुलगा रोजे सोडणार नाही आणि खेळही सोडणार नाही, तुम्हीच वेळ सांगा. सरांनी महिनाभर माझं पळणं इफ्तारनंतर ठेवलं. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर रात्री दोघंच. ते हिंदू आहेत, पण महिनाभर खजुराची पुडी तेच आणायचे.

सांगून टाका. समोरच्याला कळलंच नाही तर तो मदत कुठून करणार?

वर्गशिक्षक | बुधवार, सकाळी ८.००

केमिस्ट्रीच शिकवतो, वेगळ्या कॉलेजात. ‘घरी काम होतं’ हे ऐकल्यावर शिक्षकाच्या हातात काही उरत नाही, गैरहजेरी पडते. ७५ टक्के हजेरीची अट खेळाडूलाही आहे. पण संघनिवडीचं पत्र आणि स्पर्धेच्या तारखा घेऊन शारीरिक शिक्षण संचालकांच्या सहीचा अर्ज विभागप्रमुखांकडे स्पर्धेच्या आधी दिला, तर ते दिवस कॉलेजच्या कामाचे धरता येतात आणि प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर लावून देता येतं. आधी हा शब्द अधोरेखित समज. नंतर आणलेल्या पत्राला आम्ही काही करू शकत नाही, आणि जर्नल सहीविना राहिलं की ऐन परीक्षेत रडारड होते.

जाता जाता एक. प्रवेशिका, संघाची यादी, प्रमाणपत्रं सगळं एका फाइलमध्ये जपून ठेव. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि पडताळणीच्या वेळी कागद मागतात. विभागाच्या संघात निवड झाली, तिथून विद्यापीठाच्या संघात गेलीस आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलीस, तर त्या कागदांना फार किंमत आहे. मुलं ते पावसात भिजवतात.

चांदवडचा | बुधवार, रात्री ९.१५

मी बापाच्या बाजूने लिहितो, कारण माझीही बाग आहे. फेलफूट वेळेवर निघाली नाही तर वेलीची ताकद नको त्या फुटीत जाते, दाटी होते, आणि त्यात ढगाळ हवा आली की डावणी रोग. दोन एकरांत वर्षाचं सगळं असतं. तुझे आण्णा तुला थांबवतात ते खेळाचा राग म्हणून नाही, चार दिवस दोन हात कमी पडले तर त्यांना झोप येत नाही म्हणून.

आमच्या तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. चांदवडसारख्या टंचाईच्या भागातला मुलगा लष्करात गेला, तिथे वल्हं हातात आलं आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. आई अंथरुणाला खिळलेली असताना तो तिकडे शर्यत मारत होता. २०१८ ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत सुवर्ण. त्या मुलाने घरासाठी विहिरीत घाम गाळलाय हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून तो गेला तेव्हा घराला सोडून गेला असं कोणी म्हटलं नाही.

आण्णांना स्पर्धेची तारीख आज सांग. चार दिवस आधी कळलं तर बाप शेजारच्याशी सावड करतो, एकमेकांच्या बागेत आळीपाळीने काम करायचं ठरवतो. त्या दिवशी सकाळी कळलं तर नुसता चिडतो.

हरसूलकडची | गुरुवार, सकाळी ७.४०

चांदवडच्या दादांनी त्यांच्या भागातलं सांगितलं, मी आमच्याकडचं सांगते. सावरपाड्याची कविता राऊत आमच्याच पट्ट्यातली. डोंगरातून पाणी आणायला अनवाणी चालणारी मुलगी २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. त्यानंतर आमच्या पाड्यांवरच्या आयांनी मुलींना पळायला पाठवलं. मी त्यातलीच. तू कॅप्टन आहेस, तुझ्या गावातल्या लहान मुली तुझ्याकडे बघत असतील. त्यांना माळ आणि जर्सी दोन्ही दिसू देत.

कॅप्टनपदाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तिथे काही त्रास नाही ना?

द्राक्षवेल | गुरुवार, रात्री १०.०५

त्रास नाही ताई, पण एक गोष्ट मनात होती, ती लिहिते. सामन्याआधी आम्ही गोल करून देवाच्या नावाचा जयघोष करायचो, वर्षानुवर्षांची पद्धत. यंदा संघात माझ्या डाव्या हाताला उभी राहणारी बचावपटू नवी आली, मुस्लिम घरातली. ती गोलात हात घालायची पण ओठ मिटलेले. कोणी तिला काही बोललं नाही, तीही काही बोलली नाही. मला मात्र ते मिटलेले ओठ दिसायचे, कारण तिचा आणि माझा साखळीत हात धरलेला असतो. हात सैल पडला तर चढाई करणारी मधून निसटते. मी मुलींना म्हटलं, आपण घोषणा बंद करू. सगळ्या जणी मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावू, मनात जिला जे म्हणायचं ते म्हणू द्या. दोघी रुसल्या. एक म्हणाली, माळकरी असून तूच देवाचं नाव बंद करतेस? मला उत्तर सुचलं नाही. पण मी ते बदललं नाही, आणि आता कोणी विचारत नाही.

आज अर्ज दिला. मॅडमनी वाचून विचारलं, दोन वर्षं तू खेळतेस हे मला का नाही सांगितलं? सरांनाही उपवासाचं सांगितलं, त्यांनी दशमीचा डबा यांचा हिशोब माझ्या मोबाइलवर पूर्ण वाचला आणि फोटो काढून घेतला. हिमोग्लोबिन १०.२ आलंय, गोळ्या सुरू केल्या. आण्णा काही बोलले नाहीत. रात्री ते शेजारच्या काकांकडे गेल्याचं आईने सांगितलं.

आजी राहिली.

टाळकरी | शुक्रवार, पहाटे ५.५०

काकड्यानंतर सांग. त्या वेळी माणूस मऊ असतं.

द्राक्षवेल | पुढच्या गुरुवारी, रात्री ८.२०

उशिरा लिहितेय, माफ करा. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, पुढचं सांगणं माझं काम आहे.

शनिवारी काकड्याहून येताना वाटेत सांगितलं. अंधार होता, आजीचा हात माझ्या खांद्यावर होता. मी सगळं सांगितलं, बोट अडकलं तेही आणि माळेशिवाय डबा खाते तेही. ती चालत राहिली. पारापाशी थांबून म्हणाली, “ठेवती कुठं मंग?” मी म्हटलं, बॅगेत. “बॅगंत कुठं?” मी म्हटलं, बाजूच्या कप्प्यात. “तिथं पायताण ठेवती ना तू?”

बूट मुख्य कप्प्यात असतात, पण मोजे त्याच बाजूच्या कप्प्यात असतात. मी गप्प राहिले. आजी मला ओरडली नाही, फक्त खांद्यावरचा हात काढून घेतला आणि घरापर्यंत एकटी चालली. पंचवटीकर काका, त्या दहा मिनिटांत तुमचंच बरोबर होतं असं मला वाटलं.

दुपारी बागेतून आले तर ती ओसरीवर जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन बसली होती. हिरवा, काठाकडचा. सुईत दोरा ओवायला मला बोलावलं, कारण तिला दिसत नाही. बोटभर लांबीची पिशवी शिवली, तोंडाला नाडी. आत बुक्क्याचं बोट फिरवलं. मग म्हणाली, “खेळायच्या टायमाला काढायची, खेळ झाला का घालायची. मधी काही खायचं न्हाई. पानी पी.” मी विचारलं, सगळ्यांसमोर? ती म्हणाली, “मंग काय चोरी केली का?”

एकादशीला तीन सामने झाले. सकाळी आईने भगर दिली होती. पहिले दोन जिंकलो, उपांत्य सामना दोन गुणांनी गेला. शेवटच्या मिनिटाला ‘करा किंवा मरा’ची, म्हणजे गुण न घेता परतली तर बादच अशी, चढाई होती, मी घोटा धरला, तो सुटला आणि ती मुलगी मध्यरेषा ओलांडून गेली. ते माझ्या हातातून गेलं, अजून डोळ्यांसमोर येतं. प्रत्येक सामन्याआधी मी मॅटच्या कडेला उभी राहून माळ काढली आणि पिशवी राखीव खेळाडूंच्या बाकावर गुडघा दुखावलेल्या आमच्या मैत्रिणीकडे दिली. ती सामना संपेपर्यंत मुठीत धरून बसायची. तिसऱ्या सामन्यानंतर मी रडत होते तर तिने आधी पिशवी पुढे केली, मग पाण्याची बाटली.

आण्णा दुसऱ्या सामन्याला आले होते. मला माहीत नव्हतं. प्रवेशद्वाराजवळ उभे राहिले आणि न भेटता गेले. घरी आल्यावर म्हणाले, “डाव्या बाजूची पोरगी लई चांगली खेळते, तिचा हात सोडू नको.”

विभागाच्या निवड चाचणीला मला बोलावलं आहे, सरांनी पत्र मॅडमकडे स्वतः नेऊन दिलं. अर्धी बाग सावडीने झाली. उरलेल्या ओळींत रविवारी मी आणि भाऊ जाणार आहोत.

वर्गशिक्षक सर, सोमवारी ऑरगॅनिकचा पेपर आहे आणि माझ्या नोट्समध्ये दोन युनिट्स नाहीत. तुमच्याकडे किंवा इथे कोणाकडे असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.